दाबलेला नमुना की फोटो? रानवनस्पतींचा नकाशा करण्याआधी

कुठली रानवनस्पती कुठे उगवते याचा नकाशा करायला निघालात, की लगेच ठरवावं लागतं: फांदी कापून, दाबून, वाळवून हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुना करायचा, की फोनवर फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची? नकाशावर दोन्हींचा ठिपका सारखाच दिसतो. पण उद्या त्या ठिपक्यावर कुणी शंका घेतली तर पुढे काय ठेवणार, यावर मी निवड करतो.

जागेच्या बाबतीत फोटो सरस. उघड्यावर फोन काही मीटरपर्यंत नेमके अक्षांश-रेखांश टिपतो. जुन्या शीटच्या, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदाच्या, चिठ्ठीवर मात्र अनेकदा ‘नदीकाठी, गावाच्या उत्तरेला’ एवढंच असतं. जुने नकाशे धुंडाळूनही हाती काही किलोमीटरचा अंदाजच येतो. असा ठिपका देताना चुकीची शक्यता किती किलोमीटरची, तेही लिहावं. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींची जागा मुद्दाम झाकतं. ठिपका सुमारे ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो. चोरांपासून रोपं वाचवायची तर ते योग्यच आहे, पण तो ठिपका खरी जागा समजू नये.

नावाचं पाहिलं तर पारडं फिरतं, आणि माझ्या मते नकाशे जास्त बिघडतात ते इथेच. गवतं आणि लव्हाळे ओळखायचे तर कणिशकाचे (फुलोऱ्यातल्या छोट्या घटकाचे) बारीक भाग आणि फळं पाहावी लागतात. साध्या फोटोत ती सापडत नाहीत. वाळलेलं फूल मात्र पाण्यात उकळून मऊ केलं की शंभर वर्षांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली उघडता येतं. शीटवरची नावंही चुकतात. उष्ण कटिबंधातल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर चुकीचं नाव असावं, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं. तरी वस्तू शाबूत असते; तज्ज्ञ जुनी चिठ्ठी तशीच ठेवून शेजारी नवी डकवतो. फोटोत हवा तो भागच आला नसेल, तर वाद मिटत नाही.

‘ही जात पूर्वी इथे होती का?’ याला बहुतेकदा शीटच उत्तर देते. वनस्पती दाबून ठेवायची पद्धत सोळाव्या शतकातली, आयनॅचरलिस्ट २००८ची. जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक साठ्यावर दोन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र मिळतात. तिथे नोंदीचा आधार (नमुना की नुसतं निरीक्षण) तपासून त्या वेगळ्या करा. एकाच नमुन्याचे भाग चार संग्रहालयांत गेले असतील तर चार ठिपके दिसतात. संग्राहकाचं नाव आणि क्रमांक जुळवले की ते उघडं पडतं. रस्त्याकडेला गर्दी आणि आडरानात शुकशुकाट, हा दोष मात्र दोन्हींत आहे.

सहज ओळखू येणाऱ्या, भरपूर असलेल्या जातींसाठी फोटो घ्या. पानाची खालची बाजू, फूल, फळ आणि पूर्ण झाड, सगळं टिपा. गवतं, शंकास्पद गट किंवा आधी कधीच नोंद नसलेली जागा असेल, तर परवानगी घेऊन नमुनाच करा. रोपं मोजकीच असतील, तर कात्री पिशवीतच राहू द्या.