टिप किती ठेवायची? अमेरिका, युरोप आणि जपान

परदेशात बिल हातात आलं की टिपचा आकडा ठरवण्याआधी मी एकच गोष्ट बघते: वाढणाऱ्याचा पगार कोण देतं?

अमेरिकेत बराचसा गिऱ्हाईकच देतं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार ताशी २.१३ डॉलर आहे, आणि १९९१ पासून ते वाढलेलं नाही. टिप धरूनही ताशी ७.२५ डॉलर होत नसतील, तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन मिळतं, पण टिपची अपेक्षा तिथेही तेवढीच. म्हणून बसून जेवणार असाल, तर १८ ते २० टक्के जेवणाच्या खर्चातच धरा. ते परवडत नसेल तर काउंटरवरून घेऊन खा. तिथे टिप दिली नाही तरी चालतं. मोठा गट असला की टिप अनेकदा बिलातच लावलेली असते. बिल न वाचता पैसे दिले तर ती दोनदा जाते.

हॉटेलात सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर देतातच, कारण तो समोर उभा असतो. खोली आवरणारी बाई दिसत नाही, म्हणून ती राहून जाते. याचं मला फार वाईट वाटतं. तिच्यासाठी रात्रीमागे २ ते ५ डॉलर ठेवा, तेही रोजच्या रोज आणि सोबत आभाराची चिठ्ठी. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेत, तर आधी राबलेल्या बाईला काहीच मिळणार नाही.

युरोपात हा भार खूप हलका. फ्रान्समध्ये सेवेचा आकार मेनूवरच्या किमतीतच असतो. आवडलं तर एक-दोन युरो वर ठेवा. जर्मनीत पैसे टेबलावर ठेवून उठत नाहीत. बिल २७ युरो झालं, तर पैसे देतानाच ‘तीस’ म्हणायचं. लंडनमध्ये बिलावर बहुधा १२.५ टक्के ऐच्छिक सेवा शुल्क असतं. सेवा वाईट असेल तर ते काढायला सांगता येतं, पण मी सहसा राहू देते: ऑक्टोबर २०२४ पासून ती रक्कम कामगारांनाच देणं मालकांवर बंधनकारक आहे.

जपानमध्ये काहीच ठेवू नका. सुटे विसरलेत असं समजून वाढणारा मागे धावत येईल, आणि अवघडल्यासारखं दोघांनाही होईल. पारंपरिक जपानी निवासात, म्हणजे र्‍योकानमध्ये खास काळजी घेतली गेली, तर थोडे पैसे लिफाफ्यात घालून देता येतात. उघड्या नोटा मात्र हातात देऊ नयेत.