नागपूरच्या हवेत धुरकट लाकडी तेलं: उन्हाळा ते थंडी, वापरून झाल्यावर

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी चार तेलं एकदमच मागवली: केड, बर्च टार, ग्वायाकवुड आणि आपला नागरमोथा. आता थंडी सरत आलीय. अत्तरात धुराचा वास कसा वापरावा यावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड हवेतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि तेव्हा त्यांची मापं चालत नाहीत. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आधी केड. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या ज्युनिपरच्या एका जातीचं लाकूड हवा न लागू देता तापवतात, त्यातून हे तेल निघतं. वाफेवर काढलेलं नाही, करपवून काढलेलं. म्हणूनच त्यात ग्वायकॉल, क्रेसॉल ही मंडळी येतात, आणि धुराचा वास म्हणजे मुख्यतः तीच. तुराट्यांच्या जाळावर भरताचं वांगं भाजताना जो वास सुटतो, तसाच हा, फक्त मागून डांबराची एक झाक येते. कागदी पट्टीवर एकच थेंब टाकला होता, वर पंखा फुल्ल चालू होता, तरी शेजारच्या काकू दारात येऊन विचारू लागल्या, "काही जळून राह्यलं का गं?" ती पट्टी बाल्कनीत ठेवली, तर आठवडा उलटला तरी वास येतच होता.

एवढं जोरकस तेल थेंबांनी मोजूच नये. मी डीपीजीमध्ये (तेल पातळ करायचा बिनवासाचा द्रव) 1 टक्क्याचं द्रावण करून ठेवते आणि 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलते. 10 ग्रॅम अर्कात, म्हणजे अत्तराच्या मूळ मिश्रणात, हे द्रावण 0.5 ग्रॅम घातलं, तर केड पडतं 0.05 टक्के. डिसेंबरात एवढं मला अगदी बरोबर वाटतं. मेमध्ये तेच मिश्रण लावून बाहेर पडले तर पहिला अर्धा तास स्वतःलाच सोसवेना. कारण सरळ आहे. ग्वायकॉलसारखे हलके घटक उष्णतेत भसकन उडतात, आणि नागरमोथा किंवा वाळ्यातले जड घटक मागे राहतात. म्हणजे उन्हाळ्यात धूर आधी अंगावर येतो आणि मग लवकर निघूनही जातो. थंडीत तो हळूहळू, तासन्‌तास उलगडतो. आता एप्रिल ते जून मी द्रावण 0.2 ग्रॅमवर आणते आणि राहिलेला धूर नागरमोथ्याकडून घेते.

बर्च टार भूर्जाच्या सालीचं. रशियन कातड्याचा म्हणून जो वास प्रसिद्ध आहे तो याचाच, कारण तिथे कातडं कमावताना हे तेल वापरत. चामडं हवं असेल तर याला तोड नाही. पण मला चामड्याचं वेड नाही, त्यामुळे बाटली जवळजवळ भरलेलीच आहे आणि पुन्हा घेणार नाही.

या दोन्ही तेलांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. लाकूड किंवा साल करपताना कर्करोगाशी संबंध असलेले बेंझोपायरीनसारखे घटक तयार होतात. त्यामुळे इफ्राच्या, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत कच्चं केड किंवा कच्चं बर्च टार सुगंधात वापरायला मनाई आहे. फक्त शुद्ध केलेलं, म्हणजे रेक्टिफाइड तेल चालतं, आणि त्यातही तयार मालात या घटकांचं प्रमाण 1 पीपीबीच्या (अब्जात एक भाग) वर जाता कामा नये. मी एका विक्रेत्याला तपासणीचा कागद मागितला तर उत्तर आलं, "मॅडम, शंभर टक्के नॅचरल आहे." हे उत्तर नव्हेच. कागद नसेल तर तेल घेऊ नका, आणि कुठल्याही परिस्थितीत थेट कातडीला लावू नका.

ग्वायाकवुड मात्र वाफेवरचं, स्वभावाने मऊ. गुलाबाच्या चहासारखा गोडवा, आणि धूर अगदी लांबून आल्यासारखा. थंडीत बाटलीत गोठून बसतं, कोमट पाण्यात धरावी लागते. मेमध्ये कपाटातच पातळ होऊन वाहतं. झाड पॅराग्वे-अर्जेंटिनाकडच्या ग्रान चाको भागातलं आणि 2010 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा माल कुठून आला ते विचारून घ्या.

आणि नागरमोथा! उटण्यात आपण तो पिढ्यान्‌पिढ्या घालतो, इथल्या इतवारी बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात सुक्या गाठी मिळतात, आणि तरी अत्तर करणारे आपले लोक परदेशी केडच्या मागे धावतात याचं मला खरंच वाईट वाटतं. परदेशातले परफ्युमर याला सिप्रिओल म्हणतात आणि औदचा (अगरूच्या लाकडाचा) भास उभा करायला सर्रास वापरतात. माल जातो आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातून. सुकं लाकूड, माती, थोडी मिरी, थोडं चामडं आणि तळाशी न करपलेला धूर, असं सगळं एका तेलात मिळतं. 10 ग्रॅम अर्कात 0.3 ते 0.5 ग्रॅम घाला, जास्त घातलं तर बाकी सगळं झाकून टाकतं. देवदाराबरोबर तो कोरडा होतो. वाळ्याबरोबर तर विचारूच नका: कुलरच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडतं तेव्हाचा ओला गारवा, आणि त्याच्याखाली हा धूर. जूनमधल्या दमट हवेत मला हीच जोडी सगळ्यात आवडली. संत्र्याचं तेल वरून घालून पाहिलं. दहा मिनिटं सुरेख, पण उन्हाळ्यात ते लगेच उडतं आणि मागे उघडा धूर राहतो. थंडीत जमतं.

एक अडचण आहे. नागरमोथ्याचा प्रत्येक लॉट वेगळा लागतो. माझी दुसरी बाटली पहिलीपेक्षा बरीच मातकट निघाली. म्हणून आधी 5 मिलीचा नमुना घ्या, पट्टीवर दोन दिवस ठेवा, आवडला तर त्याच लॉटची मोठी बाटली मागवा.

ठेवण्याबद्दल: केड आणि बर्च टारच्या बाटल्यांना रबरी ड्रॉपर लावून ठेवू नका. रबर मऊ होऊन चिकट होतं आणि वास कपाटभर पसरतो. साधं घट्ट झाकण लावा, बाटली काचेच्या बरणीत ठेवा, आणि ती बरणी गुलाब-मोगऱ्याच्या तेलांपासून वेगळ्या कप्प्यात.