गाडी लीन दाखवतेय: स्कॅनर घ्यावा, स्प्रे मारून बघावं की स्मोक टेस्ट करावी?

चेक इंजिनचा दिवा लागला आणि पी०१७१ कोड आला की बऱ्याच ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगतात, तसं करू नका हो. त्या कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त नाहीतर पेट्रोल कमी, आणि सेन्सर बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो. पी०१७२ म्हणजे उलटं, रिच.

माझं मत विचाराल तर पैसे आधी ब्लूटूथ स्कॅनरवर घाला, पण नुसता कोड दाखवणारा नको, लाइव्ह डेटा दाखवणारा. त्यात फ्युएल ट्रिम बघायचा, म्हणजे मिश्रण बरोबर राखायला गाडीचा कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) की कमी करतोय (उणे) तो आकडा, इंजिन चांगलं गरम झालं की एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला, शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) या दोन आकड्यांची बेरीज करून. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. आयडलला अधिक २० आणि रेस दिल्यावर जवळजवळ नॉर्मल, तर व्हॅक्यूम लीकचा, म्हणजे इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) फटीतनं हवा आत शिरतेय असा संशय घ्या, कारण थ्रॉटल उघडला की एकूण हवेत त्या चोरट्या हवेचा वाटा कमी होतो. उलट आयडलला बरं आणि जोतिबाचा चढ चढताना आकडा वाढतच चाललाय, तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंप, इंजेक्टर बघा. (चढावर आकडे शेजारी बसलेल्यानं वाचायचे, चालवणाऱ्यानं नाही.)

इनटेकवर कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघायचं, हे सगळ्यात स्वस्त, आणि जुने मिस्त्री यात लय तरबेज. पण गरम इंजिनवर आग लागायची भीती खरी आहे, घरी करू नका.

स्मोक टेस्टमध्ये बंद इंजिनच्या इनटेकमध्ये कमी दाबानं धूर सोडतात, फट असेल तिथनं तो बाहेर येतो, अगदी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधनं सुद्धा. कमजोर पंप मात्र यात कळणार नाही. मॅप सेन्सरवाल्या (इनटेकमधला दाब मोजून हवेचा हिशेब करणाऱ्या) गाड्यांत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तशाच आहेत, लीक असला तरी ट्रिम फारसा हलत नाही, आयडलच वाढतं, तिथं स्कॅनरच्या भरवशावर न राहता थेट स्मोक टेस्टच करा.

सीएनजी गाडी असेल तर अजून सोपं, दोन्ही इंधनांवर ट्रिम बघा. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर दोष पेट्रोलच्या लाइनमध्ये, दोन्हीवर असेल तर आधी हवेची बाजू तपासा.