शंभर फुटी रोडवरचे मिस्त्री आणि माझ्या सेकंडहँड क्रेटाचं गिअरबॉक्स ऑइल

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली की गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं का, या प्रश्नाला सांगलीत दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे 'आजच्या आज बदला', आणि दुसरं 'अजिबात हात लावू नका, चालतंय तसं चालू द्या.' दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात आणि दोन्हीकडचं कुणीही गाडीखाली वाकून बघत नाही. शंभर फुटी रोडच्या आतल्या गल्लीत ज्यांच्याकडून मी शेवटी काम करून घेतलं, त्यांनी आधी बघितलं, मग सांगितलं. म्हणून हे लिहायला घेतलं. गॅरेजला नाव असं काही नाही. शेडच्या पत्र्यावर लाल रंगात 'ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे' एवढंच आहे, आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

गाडी २०१६ ची क्रेटा, १.६ डिझेल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सकडे पोचवणारी), पुण्याच्या पासिंगची. मीटरवर ९४ हजार. डाव्या गुडघ्याने क्लच दाबायचं काम सोडून दिल्यामुळे ऑटोमॅटिकच हवी होती. आधीच्या मालकांनी सर्व्हिसची फाइल नीट ठेवली होती: इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी, सगळ्याची बिलं. गिअरबॉक्सच्या नावाने एक ओळ नाही.

आता मॅन्युअल काय म्हणतं? बँकेत बत्तीस वर्षं काढली, तेव्हा बारीक अक्षर आधी वाचायची खोड आहे. सामान्य वापरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तपासायचीही गरज नाही, बदलायचीही नाही, असं त्यात आहे. पण त्याच पुस्तकात कठोर वापराचा वेगळा तक्ता आहे आणि तिथे बदला असं सांगितलंय. कठोर म्हणजे काय, तर सतत थोडं थोडं अंतर, ट्रॅफिकमध्ये रखडणं, धूळ, डोंगरातले रस्ते. पुण्यात आठ-नऊ वर्षं ऑफिसला गेलेली गाडी आणि आता माझ्या माहेरासाठी आंबा घाट चढणारी गाडी. हिला सामान्य वापर म्हणायला माझी जीभ रेटेना.

'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर लोक फार विसंबतात. झेडएफ ही जर्मन कंपनी बऱ्याच महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. त्यातल्या काही गाड्यांच्या कंपन्या ऑइल आयुष्यभराचं म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स त्यांचा नाही, पण आयुष्य नक्की कुणाचं धरायचं, पहिल्या मालकाचं की गाडीचं, हा प्रश्न सगळीकडे तोच.

मिस्त्रींकडे जाण्याआधी एका चकचकीत ठिकाणी विचारलं होतं. काचेच्या केबिनमध्ये एसी, कॉफी, आणि चौदा हजारांचं कोटेशन: मशीन लावून सगळं ऑइल फ्लश, 'फिल्टरसकट', दोन तासांत गाडी ताब्यात. गाडीखाली कुणी गेलं नाही, चालवूनही बघितली नाही. हा कागद मिस्त्रींना दाखवला तर ते फिल्टरच्या ओळीवर बोट ठेवून हसले. "काकू, ह्यो फिल्टर गिअरबॉक्सच्या पोटात असतुय. बदलायचा तर पेटी उतरवून खोलाय लागती. दोन तासात कुठला बदलत्यात?"

पहिली अट त्यांनी घातली ती मला फार पटली: गाडी आदल्या रात्री आणून ठेवायची. सकाळी थंड असतानाचा पहिला स्टार्ट त्यांना स्वतः बघायचा असतो. पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) ला टाकल्यावर गाडी लगेच पकडते की क्षणभर विचार करते, डी (ड्राइव्ह) ला टाकताना धक्का बसतो का, पहिल्या दोन-तीन गिअरना इंजिनचा आवाज उगाच चढतो का. गरम झाल्यावर यातलं बरंच झाकलं जातं. मग मला शेजारी बसवून माधवनगरच्या बाजूला फेरी मारली. एका हातात स्टिअरिंग, डॅशखाली स्कॅनर लावलेला, आणि रेडिओ बंद करायला लावला. फेरीत काही सापडलं नाही. गिअर घसरत नव्हता.

एक प्रश्न सांगलीचाच माणूस विचारणार. "पुरातली न्हाई न्हवं?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या दोन पुरांत उभ्या असलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या, कुणाला ठाऊक. पुण्याचं पासिंग म्हणजे पुराची नाही असं धरता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. चिखलाचे डाग किंवा गंज दिसतो का, म्हणून त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, कार्पेट उचलून खालचे बोल्ट बघितले. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ गुलाबी होतं, आणि आतल्या क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर पाणी पिऊन सुटायला लागतं. तशा गाडीला नुसतं ऑइल बदलून भागत नाही. माझी सुटली.

मग जरासं ऑइल काढून बघितलं. हा भाग मी खुर्ची ओढून अगदी जवळून पाहिला. त्यांनी पांढऱ्या कागदावर नवीन ऑइलचा एक थेंब टाकला, शेजारी आमचा. नवीन लालभडक, आमचं काळपट तपकिरी. मी लगेच म्हटलं, खराब झालंय की. तर म्हणाले, रंगावर जाऊ नका. आणि खरंच, मॅन्युअलमध्येही तेच आहे: ऑइल वापराने गडद होतं, नुसत्या रंगावरून बदलायचं ठरवू नका. त्यांनी वास घ्यायला लावला. करपलेला वास म्हणजे क्लच जळलेत. तसा नव्हता. दोन बोटांत चोळून कचकच लागते का बघितलं, छोट्या वाटीत लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला मऊ करडी भुकटी लागली, ती चालते. कण किंवा कीस दिसला असता तर गोष्ट वेगळी होती.

निकाल: बदला, पण घाई नाही, आणि मशीनने नाही.

मशीन का नाही, यावर ते बरंच बोलले आणि मला तेच सगळ्यात उपयोगाचं वाटलं. 'ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' या गोष्टी खोट्या नसतात, पण त्यांचा क्रम लोक उलटा लावतात. बहुतेक जण गिअर घसरायला लागला की मगच ऑइल बदलायला धावतात. क्लचचं अस्तर तोपर्यंत संपत आलेलं असतं. ऑइल नवीन पडतं, गिअरबॉक्स जायचा तो जातो, आणि खापर नवीन ऑइलवर फुटतं. दुसरं असं की, वर्षानुवर्षं न बदललेल्या पेटीत मशीनने जोरात ऑइल फिरवलं तर तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल हव्या त्या गिअरकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत जाऊ शकतो. खालचा बोल्ट काढून जेवढं आपोआप गळेल तेवढं गाळायचं आणि तेवढंच भरायचं, यात ही भीती फारशी नाही.

तोटा एवढाच की सगळं ऑइल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत निम्मं तरी राहतंच. एकदा बदललं की निम्मं नवं, काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदललं की पाऊण नवं. चक्रवाढीचा हिशेब, आम्हाला कुणी शिकवायला नको. मी दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. पहिला झालाय.

कामाची पद्धत सांगण्यासारखी आहे. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघितलं, मगच गाळायच्या बोल्टला पाना लावला. भरायचा बोल्ट गंजून अडकला आणि ऑइल मात्र सगळं खाली, अशी फजिती त्यांनी इतरांच्या हातून झालेली पाहिली आहे म्हणे. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजलं, चार लिटरच्या थोडंसं आत. मापून तेवढं वरून भरलं, वॉशर नवे टाकले. ऑइल ह्युंदाईच्या एसपी-फोर मापदंडाचं, सीलबंद डबे माझ्यासमोर उघडले. मला मोकळे डबे घरी न्यायला दिले, ते मात्र मी घेतले नाहीत.

या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही. म्हणून पातळी लावायची तर गाडी जॅकवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, गिअर पी पासून डी पर्यंत सावकाश फिरवून आणायचा, आणि ऑइलचं तापमान ५० ते ६० अंशांत आलं की पातळीचा बोल्ट काढायचा. स्कॅनरवर ४६, ४७ असे आकडे चढत होते आणि मिस्त्री पाना हातात धरून नुसते बसून होते. हाताखालचा पोरगा म्हणाला काढू का, तर त्याला एका नजरेत गप्प केलं. बावन्नला बोल्ट काढला. आधी सुतळीएवढी धार आली, मग तुटक, म्हणजे पातळी बसली, मग बोल्ट परत लावला. थंड असताना काढला असता तर धारच आली नसती आणि आणखी भरलं गेलं असतं. ऑइल गरम झालं की फुगतं, तेव्हा जास्त झालेलं ऑइल आत घुसळून फेसाळतं. मला वाटतं पैसे खरे इथेच वसूल झाले.

मी बसले होते तेवढ्यात जयसिंगपूरकडचे एक गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले. चढाला इंजिन ओरडतं, गाडी जात नाही, ऑइल बदलून द्या. मिस्त्रींनी एक चक्कर मारून हात जोडले. "बदलून दिलं तर पैसं घीन मी तुमचं, पर गाडी बरी न्हाई व्हायची. आधी खोलू या." गृहस्थ रागावून गेले. दारात आलेलं काम असं सोडणारा माणूस मला पटतो.

बिल झालं साडेपाच हजारांच्या आत, ऑइल आणि मजुरी धरून. फरक काय पडला? फार नाही, आणि पडायलाही नको होता, कारण बिघडलेलं काही नव्हतं. सकाळी दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना जो हलका हिसका जाणवायचा तो आता लागत नाही. मायलेज तेवढंच. आंबा घाटात उतरताना गिअर हाताने खाली घेतले की पूर्वीपेक्षा गुळगुळीत पडतात असं मला वाटतं, पण ते पैसे दिल्याचं समाधानही असू शकतं.

आता कमी काय ते. फोन उचलत नाहीत, जाऊनच वेळ घ्यावी लागते. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही मी मागितल्यावर. दुपारी पत्रा असा तापतो की बोलायची सोय नाही. छापील बिल दोनदा मागावं लागलं, आणि त्यावर ऑइलचा ग्रेड लिहायला मीच लावलं. पुढच्या मालकाला माझ्यासारखी कोरी फाइल मिळायला नको. बाईमाणूस एकटी गाडी घेऊन आली म्हणून हेटाळून बोलणं किंवा भाव चढवणं मात्र अजिबात नाही.

कुणाची गाडी नेण्यासारखी आहे? टॉर्क कन्व्हर्टरवाली असेल तर बिनधास्त. मारुतीची एएमटी असेल तर तो मुळात साधाच गिअरबॉक्स, क्लच-गिअरचं काम यंत्र करतं एवढंच. त्यात साधं गिअर ऑइल लागतं, त्यासाठी इकडे यायची गरज नाही, असं ते स्वतःच सांगतात. होंडा सिटीसारख्या सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तिचंच वेगळं ऑइल लागतं. त्यात एसपी-फोर किंवा दुसरं कुठलंही लाल ऑइल ओतलं तर आतला पट्टा घसरून पेटी कायमची जाते, म्हणून डबा फोडण्याआधी त्यावरचं नाव आपल्या मॅन्युअलशी ताडून बघा, मिस्त्री कितीही चांगले असले तरी.

पाचपैकी साडेचार. अर्धा फोनसाठी कापला. रविवारी बंद असतं. गाडी न्यायची तर संध्याकाळी सातच्या आत नेऊन ठेवा, त्यानंतर शटर ओढतात.