कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मेस्त्रींचं वर्कशॉप : घरी बांधलेल्या विमानाचं काम करून घेतलं त्याचा अनुभव

उद्यमनगरात पंपाचं, ट्रॅक्टरचं, उसाच्या चरक्याचं काम घेऊन रोज शेकड्यानं माणसं येतात, मी गेलतो ते पिशवीत विमानाचा पार्ट घेऊन. दाजींनी किटवरून स्वतः बांधलेलं दोन सीटचं विमान आहे, लोखंडी पाइपचा सांगाडा, पंखांवर कापड ताणलेलं, पुढं रोटॅक्स ९१२ म्हणजे ८० हॉर्सपॉवरचं इंजिन. मधली सहा वर्षं ते कागलच्या बाजूला शेतातल्या शेडमध्ये झाकून उभं होतं आणि गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ते परत उघडायला घेतलं. उडवायची परवानगी, कागदपत्रं हा वेगळा विषय आहे, दाजी त्याच्या मागं आहेत, इथं मी फक्त दुरुस्तीचं लिहितोय आणि त्यातही ह्या एका वर्कशॉपचं, कारण आपल्याकडं असलं काम कोण करतं, कुणावर विश्वास ठेवायचा हे सांगणारं मला तरी कुणी भेटलं नव्हतं.

वर्कशॉपला पाटी नाही. वाय. पी. पोवारनगरच्या बाजूनं आत वळलं की एका बोळात दोन लेथ, एक जुनं मिलिंग मशीन, एक रेडियल ड्रिल आणि कोपऱ्यात टिग वेल्डिंगचा सेट एवढाच पसारा. मेस्त्री साठीच्या पुढचे, वडिलांच्या हाताखाली ऑइल इंजिनाच्या कामावर शिकलेले, आता पोरगा आणि दोन कामगार बरोबर असतात.

पहिलं काम एकदम बारकं होतं. चाकाच्या लँडिंग गिअरचा पाय जिथं सांगाड्याला बोल्टनं जोडलाय तिथं बुश, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो ती धातूची बारकी नळी, झिजून हालायला लागलं होतं, हातानं धरून हलवलं तर कळायचं. मी म्हटलं मेस्त्री असलंच नवं करून द्या. त्यांनी बुश हातात पण घेतलं नाही, आधी बोल्ट मागितला, मायक्रोमीटर काढला आणि तीन ठिकाणी मापला. मधे दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, कमी. "पाव्हणं, ह्यो बोल्टच खाल्लाय की. नवा बोल्ट आणा, मग त्याच्यावर बुश करतो, न्हाईतर दोन म्हैन्यांत परत हितंच याल." विमानाचे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, एएन नावाच्या मापाचे असतात, डोक्यावर फुलीसारखी खूण असते, ते बाहेरून मागवायला लागतात, तीन आठवडे गेले. पण नंतर त्यांनी फॉस्फर ब्राँझचं जे बुश केलं ते आधी थोडं लहान भोकाचं ठेवून, दाबून बसवून, मग जाग्यावर रिमर मारून म्हणजे भोक बरोब्बर मापात घासून असं काही बसवलं की बोल्ट अंगठ्यानं आत जातो आणि तरीही हालत नाही. दोन बुशचे ९०० रुपये घेतले. दाजींनी तो बोल्ट आत ढकलला, बाहेर काढला, परत ढकलला, असं चार वेळा केलं, बोलले काहीच नाहीत.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते.

इंजिन उतरवल्यावर इंजिन माउंट म्हणजे इंजिनाला फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीला, धरून ठेवणारा पाइपचा पिंजरा आम्ही धुवून पुसून घेतला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, तीन पाइप एकत्र येतात तिथं रंगावर केसासारखी एक रेघ दिसली. दाजी म्हणाले रंग तडकला असंल. मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पिंजरा गाडीत टाकला आणि आधी दुसऱ्याच एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो कारण ते घराजवळ होतं. त्यानं बघितलं आणि म्हणाला दहा मिनिटं थांबा, टाका मारून देतो, दोनशे रुपये. खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ हो म्हणालोच होतो.

तिथनं निघून मेस्त्रींकडं आलो. त्यांनी चष्मा लावला, नखानं रंग खरवडला, पोराला शिरोलीच्या फौंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडनं डाय पेनेट्रंटचे डबे आणायला पाठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंगमधली चीर बघायला हे वापरतात. आधी भाग स्वच्छ करायचा, लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, वरचा सगळा पुसून टाकायचा आणि मग पांढरा पावडरीसारखा थर मारायचा. चीर असली तर आत गेलेला लाल रंग हळूहळू वर येतो. आम्ही तिघं त्या पांढऱ्या थराकडं बघत उभे होतो आणि लाल रेघ अशी उमटत गेली, रंगावर दिसत होती त्याच्या दुप्पट लांब, वेल्डच्या कडेकडेनं.

मेस्त्री म्हणाले, "ह्ये मी करनार न्हाई."

मी म्हटलं तुमच्याकडं टिग आहे, तुम्ही केलंय की असलं काम. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. चीर वेल्डवर नाही, वेल्डच्या शेजारी आहे, म्हणजे पहिल्या वेल्डच्या उष्णतेनं जी पट्टी कडक झाली तिथंच गेलीय. तिच्यावर परत टाका मारला की ती कडक पट्टी फक्त अर्धा इंच पुढं सरकती, चीर तिथनं सुरू होती. पाइप जाडीला सव्वा मिलिमीटर. आत काय झालंय दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं, हे लोखंड कुठलं आहे ह्याचा कागद माझ्याकडं नाही. "पंप बंद पडला तर मानूस विहिरीवर बसतो, वाट बघतो. ह्ये बंद पडलं तर बसाय जागा हाय का?" एवढं बोलून त्यांनी पिंजरा परत माझ्या हातात दिला, चहा मागवला आणि पैसे घेतले नाहीत, डाय पेनेट्रंटचे पण नाहीत, मीच नंतर जबरदस्तीनं दिले.

मला त्या वेळी राग आलेला. किट कंपनीला मेल केला, पाइप ४१३० म्हणजे क्रोममोली, क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद, निघाला, त्यांनी पण दुरुस्ती नको, नवं माउंट घ्या असंच लिहून पाठवलं. नवं माउंट, त्याची शिपिंग आणि कस्टम धरून जो आकडा झाला तो इथं लिहीत नाही, दाजींच्या घरात अजून त्याच्यावर बोलणं चालू आहे. पण मेस्त्रींनी काम नाकारून आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही हे महत्त्वाचं. नवं माउंट येईपर्यंत त्यांनी फायरवॉलच्या चार भोकांचा एक जिग करून दिला, जाड प्लेटवर चार पिना, म्हणजे जुन्या माउंटला कुठं आदळून पीळ बसलाय का आणि नवं आलं की चारी बोल्ट ओढाताण न करता बसतात का हे आधीच कळावं. नवं माउंट त्या जिगवर ठेवलं, चारी पिना एका दमात गेल्या. जिगचे १८०० रुपये, आणि हे १८०० मला आत्तापर्यंत सगळ्यात पटलेले पैसे आहेत.

जुनं माउंट त्यांनी मागून घेतलं होतं. महिन्यानं गेलो तर त्यांनी ते बरोबर चिरेवरून हॅकसॉनं कापून ठेवलेलं. आत पाइपला तांबूस गंज, आणि चीर आतल्या बाजूनं बाहेरच्यापेक्षा पुढं गेलेली. दोनशे रुपयांचा टाका त्या गंजावर बसला असता. ह्या पाइपच्या पोटात बांधतानाच जवसाचं तेल फिरवून, निथळून, भोक बंद करायची जुनी पद्धत आहे, गंज धरू नये म्हणून. दाजी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसले होते, कारण माउंट तयार आलेलं असलं तरी बाकीचा सांगाडा त्यांनी स्वतः बांधलेला आहे. त्याच्या प्रत्येक जोडावर आम्ही मग परत डाय पेनेट्रंट मारला. तीन रविवार गेले. दुसरीकडं कुठं चीर मिळाली नाही.

एक गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, किस्सा पण ह्याच वर्कशॉपमुळं झाला. रोटॅक्सला बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असतात आणि त्यातले फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतात, जड झाले की नीट तरंगत नाहीत, पातळी वाढते, इंजिन खडखडतं, पेट्रोल बाहेर सांडतं. कंपनीचा नियम असा की एका कार्ब्युरेटरचे दोन फ्लोट मिळून ७ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. आता ७ ग्रॅम मापायला वर्कशॉपचा काटा काय कामाचा. मेस्त्रीच म्हणाले गुजरीत जावा, सराफाचा काटा कशाला हाय. गेलो, सराफानं पेट्रोलचा वास घेऊन नाक मुरडलं पण मापून दिलं, एक जोडी ६.८ आणि दुसरी ७.४. दोन्हीकडं नवे घातले. सहा वर्षं उभ्या इंजिनाचे रबरी भाग तर बदलायलाच लागतात, होज, डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट, कंपनीनं त्याला ५ वर्षांची मुदतच घातलीय, इंजिन चालो न चालो. आणि पेट्रोलचं पण बघून घ्या, आता पंपावर ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं मिळतंय आणि ह्या इंजिनाला कंपनी १० टक्के इथेनॉलपर्यंतच मान्यता देते. काचेच्या मापाच्या नळीत थोडं पाणी, वर पेट्रोल, हलवून ठेवायचं, पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलं. आम्ही कॅन आणला की शेडवर आधी हे करतो, जास्त निघालं तर ते पेट्रोल मोटरसायकलला.

आता वर्कशॉपच्या उण्या बाजू, कारण कौतुकच केलं तर तुम्ही जाऊन फसाल.

एक म्हणजे तिथं सगळीकडं बिडाचा आणि लोखंडाचा चुरा. ॲल्युमिनियमचा पार्ट त्या टेबलावर घासून ठेवला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पुढं तिथंच गंजायला सुरुवात होते. मी आता स्वतःचं स्वच्छ कापड आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळी कानस घेऊन जातो. आणि कामगार पोरं सवयीनं पेन्सिलीनं खुणा करतात, लोखंडावर चालतं, ॲल्युमिनियमवर नाही, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटनं त्या रेघेवर ॲल्युमिनियमच खात जातं, स्केचपेन द्यायचा. एकदा सांगितलं तर ऐकतात, रोज सांगायला लागत नाही.

दुसरं, बोल्ट आवळायचं काम त्यांच्यावर सोडू नका. त्यांचा टॉर्क रेंच ट्रकच्या मापाचा आहे. आपला सगळ्यात बारका तीन-सोळांश इंची एएन बोल्ट असतो त्याला २० ते २५ इंच-पौंड बास, म्हणजे अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास, मनगटानं सुद्धा त्याच्या दुप्पट बसतो. एकदा त्यांच्या एका पोरानं हरवलेल्या एएन बोल्टच्या जागी तसाच दिसणारा साधा बोल्ट घालून ठेवला होता. ते माझ्या नाही, मेस्त्रींच्याच लक्षात आलं, डोक्यावर फुली नाही म्हणून, आणि त्यांनी सगळ्यांसमोर तो काढून भंगारात टाकला. तरी पण आपण आपलं मोजून न्यायचं, मोजून आणायचं.

तिसरं, बिल पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मिळतं आणि मटेरियलचा टेस्ट सर्टिफिकेट वगैरे मागू नका, नाही मिळणार. ज्या पार्टवर जीव अवलंबून आहे त्याचं मटेरियल स्वतः कागदासकट घेऊन जा आणि त्यावर खूण करून ठेवा, कापल्यावर उरलेला तुकडा पण परत आणा. विमानाच्या लॉगबुकात काय लिहायचं ते आपल्याला कागदावरनंच लिहायला लागतं. बिलासाठी जीएसटी पाहिजे असेल तर आधीच बोला. गाडी आत जात नाही, मोठा पार्ट असेल तर बोळाच्या तोंडापासून दोघांनी उचलून न्यायची तयारी ठेवा. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की तुमचं काम मागं पडतं, कारखान्याचं आणि गुऱ्हाळाचं आधी, ते स्पष्ट सांगतात, उगाच उद्या या परवा या करत नाहीत.

मेस्त्री विचारत होते की घरी विमान बांधतात असं दुसरं कुणी आहे का, मी त्यांना मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांचं सांगितलं, कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलेलं, २०१६ ला मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलेलं. ते एकदम गप्प झाले आणि मग विचारलं काय, तर ते गच्चीवरनं खाली कसं उतरवलं. क्रेननं म्हटलं. मग पुढचा अर्धा तास लेथ बंद ठेवून क्रेनचा पट्टा कुठं बांधला असंल ह्यावरच बोलत होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी उजळाईवाडीला सायकलवर नेऊन विमान दाखवलेलं, तो विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला.

पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा गुण कागद आणि चुऱ्यासाठी कापला. लेथवर ह्यांच्यापेक्षा बारीक काम करणारे उद्यमनगरात आणखी असतील. हातात आलेलं काम पैसे मिळत असताना परत देणारे मला हेच भेटले.

आता इंजिन नव्या माउंटवर बसलंय. परवा प्रोपेलर हातानं फिरवून ऑइल टाकीत गुडगुड आवाज येईपर्यंत ऑइल परत आणलं, ह्या इंजिनात त्याशिवाय ऑइलची पातळी बघून उपयोग नाही, आणि मग दाजींनी स्टार्ट केलं, दहा मिनिटं चाललं, जमिनीला दोर बांधून. दहा तास असंच चालवून माउंटचे सगळे बोल्ट परत तपासायचे आहेत आणि तो कोपरा परत डाय पेनेट्रंटनं बघायचाय. त्या दिवशी मेस्त्रींना शेडवर न्यायचं ठरलंय, त्यांनी फक्त एवढंच म्हटलंय की रविवार धरा आणि डबे मी आणतो.