‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूलचा मला गुण का आला

वजन उतरवण्याच्या नावाखाली नुसती भुकटी भरून विकणारे भामटे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याकडून फसलं तर पैसे जातात, वजन जागेवर राहतं आणि माणूस चार शिव्या घालून विषय सोडून देतो. माझ्याबाबतीत झालं ते नेमकं उलटं. मी घेतलेल्या कॅप्सूलचा गुण आला. थोड्याच दिवसांत भूक मेली, वजनकाट्यावरचा आकडा खाली येऊ लागला, कपडे सैल झाले. म्हणून मी दुसरा डबा मागवला. सगळी फसवणूक त्या ‘गुण येण्या’तच होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विकणारी बाई स्वतःला ‘वेट लॉस कोच’ म्हणवायची. ओळखीतून नंबर मिळाला होता, त्यामुळे परकेपणा नव्हता. तिने माझी उंची विचारली, वजन विचारलं, कधीपर्यंत बारीक व्हायचंय ते विचारलं. रक्तदाब आहे का, थायरॉइड आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, यातलं एक अक्षर नाही. डब्यावर पानाफुलांची चित्रं, वनस्पतींच्या नावांची लांबलचक यादी, ‘केमिकल-फ्री’ आणि ‘साइड इफेक्ट नाही’ असे शिक्के. बनवणाऱ्याचा धड पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबरही नाही.

मग तोंडाला सतत कोरड पडायला लागली. रात्र रात्र डोळा लागेना. नुसतं बसलेलं असतानाही छातीत धडधड व्हायची. कोचला कळवलं तर तिचा व्हॉइस मेसेज आला, ‘ताई, घाबरू नका, डिटॉक्स होतंय. शरीरातली घाण बाहेर पडतेय, म्हणजे औषध लागू पडतंय. पाणी वाढवा.’ हे उत्तर नीट ऐकून ठेवा, कारण ते सगळीकडे असंच ठरलेलं असतं. त्रास झाला तरी औषध चांगलं, नाही झाला तरी चांगलंच. तक्रार करायला जागाच शिल्लक राहत नाही.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रक्तदाब चढलेला होता आणि नाडी पळत होती. ‘काही औषधं घेता का?’ यावर मी सरळ ‘नाही’ म्हणाले. वनस्पतीच्या कॅप्सूलला औषध कोण म्हणतं! त्यांनी पुन्हा खोदून विचारलं, डबा मागवून घेतला आणि कॅप्सूल प्रयोगशाळेत पाठवल्या. त्यात सिब्युट्रामिन निघालं.

हे एकेकाळचं अधिकृत औषध आहे. मेंदूतल्या रसायनांवर काम करून ते भूक दाबतं, पण त्याबरोबर नाडी आणि रक्तदाब वाढवतं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, तर तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १० टक्के निघाल्या. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतलं गेलं. आता ते असं, पानाफुलांच्या चित्रांआड दडून येतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये ते सापडल्याचे इशारे वेळोवेळी दिले आहेत. काहींत फिनॉल्फ्थॅलिन हे जुनं रेचकही सापडलं. रेचकाने उतरतं ते पाणी, चरबी नाही. पण काट्याला फरक कळत नाही आणि ‘आधी-नंतर’चे फोटो तेवढ्यावर भागतात.

मी कोचला अहवाल पाठवला. आधी ‘आमच्या प्रॉडक्टमध्ये असं काही नसतं’, मग ‘तुमच्या प्रकृतीला सूट झालं नाही’, आणि त्यानंतर, माझा विश्वासच बसेना, नवीन ऑफर, वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या पेनची! ‘ताई, आता पेन घ्या. प्रिस्क्रिप्शनची कटकट नाही, थेट मोठा डोस, रिझल्ट लवकर.’

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. वजनाची औषधं म्हणजे सगळीच लबाडी, असं मला म्हणायचं नाही. ती ज्या पेनबद्दल बोलत होती त्यातलं खरं औषध, सेमाग्लुटाइड, खरोखर काम करतं. एका चाचणीत आठवड्याला २.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक जाड लोकांच्या चाचणीत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. लठ्ठपणाने गुडघे, साखर, श्वास सगळं बिघडलेल्या माणसाला ‘मनावर घे, कमी खा’ एवढंच सांगणं मला तरी क्रूर वाटतं.

पण या औषधाचे त्रास माहितीपत्रकात छापलेले असतात, आणि खरेपणाची एक खूण तीही आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचं. पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाला सूज हे त्यामानाने कमी, पण गंभीर. स्वतःला किंवा कुटुंबात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते देत नाहीत, गरोदरपणातही नाही. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि डोस महिन्या-महिन्याने चढवतात, कारण पोटाला सवय व्हावी लागते. ‘थेट मोठा डोस’ हे आमिष नसून उलट्यांचं आमंत्रण आहे. शिवाय औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं ६८ आठवड्यांच्या त्या चाचणीतल्या लोकांच्या पुढच्या पाहणीत दिसलं. ही गोष्ट कुठलीही कोच सांगणार नाही.

आणि पेनमध्ये तेच औषध असेल याची खात्री कोण देणार? २०२३ मध्ये ऑस्ट्रियात नकली ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचा एक ब्रँड) टोचून घेतलेल्या काही जणांना रक्तातली साखर एकदम घसरल्याने रुग्णालयात न्यावं लागलं. त्या पेनमध्ये इन्सुलिन असावं, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा संशय होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला. खरं पेनसुद्धा वापरण्याआधी २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. कुरिअरच्या साध्या खोक्यातून आलेल्या पेनने वाटेत काय सोसलं, ते बाहेरून दिसत नाही.

कॅप्सूल बंद केल्यावर माझी नाडी हळूहळू जागेवर आली. वजनही परत आलं, जवळजवळ सगळं. कुणाच्या घरात असा डबा असेल तर उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार करायची तर नमुना लागतो. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर कोचच्या उत्तराची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि काय घेतलंय ते लपवू नका.

तक्रार करणार म्हटल्यावर त्या बाईने पैसे परत द्यायची तयारी दाखवली. अट एकच, आधी सगळं चॅट डिलीट करून त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. मी ते केलं नाही. त्या चॅटमध्ये तिचे व्हॉइस मेसेज होते, पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या, आणि तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने सगळ्यात आधी तेच मागितलं.