एसएमबी आणि स्पूल: प्रवाहातल्या सुळक्यांवर एक मोसम वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी १.८ मीटर लांबीचा नारिंगी एसएमबी आणि ३० मीटर दोरीचा स्पूल घेतला. एसएमबी म्हणजे डायव्हरने पाण्याखालून दोरीला लावून वर सोडायचा फुगणारा, लांबट बोया. डाइव्ह सेंटरवरची मुलं त्याला सॉसेज म्हणतात. दोन्ही मिळून साडेपाच हजारांच्या आसपास पडले. आता पाऊस लागलाय, मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जाणाऱ्या बोटी बंद झाल्यात, सामान धुऊन-वाळवून कपाटात गेलंय. अख्खा मोसम वापरून झाला म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीची वस्तू वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकली जाते. घेताना काय पाहायचं ते मात्र सविस्तर सांगते.

पुण्यातून डायव्हिंगला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानात उथळ पाण्यात होते. गाइड पुढे, आपण मागे, वर बोट उभी. तिथे एसएमबी गाइडकडे असतो आणि तेवढं पुरतं. खरेदीच्या गप्पा निघाल्या की म्हणूनच कॅमेरा आणि डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) तासन् तास बोलणं होतं, याच्यावर कुणी बोलत नाही. माझं मत आता पक्कं झालंय: ज्याला प्रवाहातल्या सुळक्यावर जायचंय त्याने मास्क आणि कॉम्प्युटरनंतर पैसे इथे घालावेत. कॅमेरा नंतर.

का, ते समजायला सुळक्यावर पाणी कसं वागतं ते बघावं लागेल. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथला डिक्सन्स पिनॅकल घ्या. समुद्राच्या तळातून वर आलेले खडक, त्यातल्या उंचाचा माथासुद्धा साधारण १६ ते १८ मीटर खोल. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर लकडी पुलाच्या खांबांपाशी जे होतं, तेच इथे चारही बाजूंनी होतं: पाणी येऊन आदळतं, दुभंगतं, कडेने जोरात सुटतं आणि मागे भोवरे घेतं. पाणी आदळतं त्या बाजूला प्रवाहाबरोबर प्लँक्टन येतं. ते खायला फ्युजिलियर माशांचे थवे तोंड प्रवाहाकडे करून थांबलेले असतात आणि त्यांच्यावर ट्रेव्हॅली तुटून पडतात. मऊ प्रवाळंही प्रवाह असला की पुरती फुललेली दिसतात. म्हणजे जिथे करंट जास्त तिथेच बघण्यासारखं जास्त. मला सुळके आवडतात ते यासाठीच, आणि तिथला करंट टाळून तिथलं समुद्रजीवन बघता येत नाही.

अडचण वर येताना सुरू होते. सेफ्टी स्टॉप, म्हणजे शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबणं, ५ मीटरवर ३ मिनिटं. माथा १७ मीटरवर असला तर ५ मीटरवर धरायला, आडोसा घ्यायला काहीच नसतं. बोटीच्या मूरिंग लाइनपर्यंत, म्हणजे बोट बांधलेल्या दोरीपर्यंत, पोहता आलं तर उत्तम, पण करंट उलटा असला की ते जमत नाही आणि जमवायच्या नादात हवा संपते. मग निळ्या पाण्यात वाहत वाहतच थांबायचं. हिशेब सोपा आहे. एक नॉटचा करंट म्हणजे मिनिटाला सुमारे ३० मीटर. मिनिटाला ९ मीटरच्या गतीने वर येणं आणि थांबणं मिळून साडेचार-पाच मिनिटं जातात, म्हणजे सुळका सोडल्यापासून १५० मीटर लांब गेलात. दोन नॉट असेल तर ३००. एवढ्या अंतरावर, लाटांमध्ये, पाण्याबाहेर आलेलं काळ्या हुडमधलं डोकं बोटीवरून शोधून बघा.

थायलंडच्या सुरिन बेटांजवळचा रिशेल्यू रॉकही असाच प्रवाहातला सुळका आहे, पण त्याचं टोक अगदी खालच्या ओहोटीला पाण्याबाहेर डोकावतं. तिथे आडोशाच्या बाजूने खडकाला वळसे घेत उथळ पाण्यापर्यंत येता येतं. डिक्सनला ती सोय नाही. सुळका निवडताना माथा किती खोल आहे हे मी म्हणूनच आधी विचारते.

गाइडकडे एसएमबी असताना स्वतःचा कशाला, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि हवाही चौपट वेगाने संपते. त्यात करंटशी झगडताना दम वाढतो. डाइव्ह जोडीजोडीने होते; गटातल्या ज्याची हवा आधी संपते, त्याची जोडी आधी वर निघते. सुळक्याच्या कडेला पाणी दुभंगतं तिथे गटही दुभंगतो. गाइडचा बोया गाइडच्याच डोक्यावर असतो. दर जोडीकडे एक हवा, आणि तो सोडता यायला हवा.

आता प्रत्यक्ष वापर. माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, माझी मावसबहीण. माथा सोडायच्या आधीच आम्ही बोया वर पाठवतो, म्हणजे आम्ही वाहायला लागताच बोट मागे निघते. खोलवरून सोडायला हवा कमी लागते, हे आधी पुस्तकी वाटायचं. माझा बोया पूर्ण भरला की अंदाजे १८ लिटर हवा मावते. एका फुंकरीत साधारण ४ लिटर जातात. १७ मीटरवर दाब २.७ पट, म्हणजे ते ४ लिटर वर जाऊन जवळपास ११ लिटर होतात. पावणेदोन फुंकरीत काम झालं. तोच ५ मीटरवरून सोडला तर पूर्ण तीन फुंकरी लागतात. जास्त भरला गेला तरी चालतं, वर जाताना रिलीफ व्हॉल्व्हमधून जादा हवा सुटते. हा व्हॉल्व्ह नसलेला बोया घेऊ नका.

एक बारकावा मला फार उपयोगी पडला. पहिल्या फुंकरीने तुमच्या तरंगण्यात फरक पडत नाही, कारण फुफ्फुसातली हवा बोयात गेली इतकंच. पुढचा श्वास घेतलात की मात्र चार लिटर नव्याने आले, आणि समुद्राच्या पाण्यात एक लिटर हवा एक किलोहून किंचित जास्त उचलते. म्हणून दुसरा श्वास पूर्ण भरून थांबायचं नाही. घेतला की बोयात फुंकायचा आणि बोया सोडायचा. त्याआधी वर बघून बोट नाही ना हे तपासायचं, आणि दोरी कुणाच्या नळीत, फिनमध्ये नाही ना हे बडीने बघायचं. स्पूल बीसीडीला (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) अडकवून बोया कधीही सोडू नये. दोरी अडकली तर बोया तुम्हालाही घेऊन वर जाईल. हातात धरलेला असेल तर सोडून देता येतो.

हे सगळं आम्ही पुण्यातच घोटून घेतलं. दुपारच्या रिकाम्या वेळेत परवानगी काढून एका पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला आठवड्याच्या आठवडे सराव केला. ३ मीटर पाण्यात हवा फुगण्याचा अंदाज येत नाही, पण हातांना वळण लागतं: खिशातून काढणं, घडी उलगडणं, स्पूलचा बोल्ट स्नॅप (खिट्टीचा हुक) सोडवणं, आणि हे करताना एका पातळीवर स्थिर राहणं. पृष्ठभागावर आल्यावर बहीण दर वेळी ओरडायची, "ताई, आधी वर बघ, मग फुंकर!" डिक्सनला पहिल्यांदा सोडला तेव्हा हात आपोआप चालले. बोटीवरच्या माणसाने नंतर सांगितलं की आम्ही दोघी त्याला दिसलोच नव्हतो, नारिंगी काठी दिसली आणि त्याने बोट वळवली.

दिवस निवडताना मी आता कालनिर्णय उघडते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवसांत पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ कमी. कोळ्यांच्या घरात पोरासोरांना माहीत असलेली ही गोष्ट आम्ही घाटावरची माणसं मोठेपणी शिकतो. पहिल्यांदा सुळक्यावर जाणाऱ्याने विमानाचं तिकीट तिथी बघून काढावं असं मी कळकळीने सांगेन.

वस्तूबद्दल तक्रारी आहेत. सोबत आलेला बोल्ट स्नॅप पितळेवर मुलामा दिलेला निघाला. खाऱ्या पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत मुलामा सुटला आणि खिट्टी अडकायला लागली. मी ३१६ स्टेनलेस स्टीलचा वेगळा घेतला, तो अजून नव्यासारखा चालतो. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण बसला की हवा जाऊन बोया हळूहळू पडतो, त्यामुळे प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात व्हॉल्व्ह ओढून धुवावा लागतो. क्लोरीन आणि ऊन मिळून रंगही थोडा उतरलाय. दोरी बारीक आहे, ओल्या बोटांना जाडसर दोरी बरी. बाकी शिवण, फुंकायची नळी, स्पूलचं प्लास्टिक यांत दोष नाही. रॅचेटवाली धातूची रील मला हाताळायला दिली होती. ती जड आहे आणि अडकण्यासारखे भाग जास्त, म्हणून मला साधा स्पूलच आवडतो. लांबीबद्दल म्हणाल तर १.२ मीटरचा बोया खिशात छान मावतो, पण लाटांत फारसा दिसत नाही. १.८ चा दोरी खाली ओढून धरली की ताठ उभा राहतो.

थोडं विषयांतर, पण पुणेकरांच्या कामाचं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानाआधी, एकाहून जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबावं हे सगळे पाळतात. मालवण किंवा मुर्डेश्वरहून गाडीने परतणारे मात्र संध्याकाळीच घाट चढतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, आणि डाइव्हनंतर ३०० मीटरच्या वर जायचं तर किती थांबावं याची कोष्टकं असतात. आम्ही शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र किनाऱ्यावरच राहतो.

येत्या मोसमासाठी आम्ही दुसरा बोया बहिणीसाठी घेतोय, याच घडणीचा, स्टीलच्या स्नॅपसह. तुम्ही घेणार असाल तर दुकानात १५ मीटर दोरीचा स्पूल स्वस्तात दाखवतील. तो घेऊ नका. डिक्सनच्या माथ्यावरून सोडलेला बोया त्या दोरीने पाण्याच्या वर पोचतच नाही.